मोकळ्या हातांची पाठवणी

या, असे पुढं सरका. खांबाला टेकलेल्यांनी जरा खांब सोडा. खांबाला टेकलेल्या माणसाला कीर्तनातही डुलकी लागते आणि गोष्टीतही, हा माझा जन्माचा अनुभव आहे. आज जे सांगायचं त्यात देव प्रत्यक्ष येत नाही. एक साबणाची वडी येते, एक गार चूल येते, आणि घोटावड्याच्या हैबतरावांनी उभ्या आयुष्यात केलेलं एकुलतं एक पाप येतं. त्याला पाप म्हणायचं की आणखी काही, ते ऐकून झाल्यावर तुमचं तुम्ही ठरवा.

तर भाताच्या लावण्या उरकल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजा पुण्याला जायची होती. नर्सिंगच्या कॉलेजात. घरात या ठिकाणाला ज्याचं त्याचं नाव होतं. तिचे वडील कोंडिबा ‘कालेज’ म्हणत. आई सगुणाबाई ‘मोठी शाळा’ म्हणत. थोरले चुलते हैबतराव ‘ते पुण्याचं’ म्हणत. आणि त्यांची बायको रंभाबाई त्याचं नावच काढत नसत.

रंभाबाईंना कारण होतं. विहिरीच्या खटल्यात हैबतरावांनी कोर्टात उभं राहून सख्ख्या मेव्हण्याच्या विरुद्ध साक्ष दिली होती. साक्ष खरी होती. तीच तर अडचण होती. तेव्हापासून रंभाबाईंचं माण गावचं माहेर तुटलं ते तुटलंच. मग भावाच्या मुलासाठी तुळजाला मागणी आली, तेव्हा आता तरी माहेरची वाट मोकळी होईल म्हणून बाई हरखल्या. तर पोरगी म्हणाली, “मला नर्स व्हायचंय.” त्या दिवसापासून रंभाबाई तुळजाशी बोलल्या त्या मांजरामार्फत. “मने, सांग तिला, ताक घुसळायचं राहिलंय.” मनी काही सांगत नसे, पण ताक घुसळलं जाई.

तुळजानं मात्र मनाशी सगळं लावून ठेवलं होतं. लहानपणापासून देवळात कीर्तनाला पुढं बसलेली पोर ती. तिला जगातली कुठलीही गोष्ट त्याच मापानं मोजायची सवय. पहिलं वर्ष म्हणजे पूर्वरंग, असं तिनं ठरवलं होतं. नुसतं निरूपण. हाडांची नावं, औषधांची नावं, ऐकताना कंटाळा आला तरी माना डोलवायच्या. खरं आख्यान पुढं, वॉर्डात. तिथल्या मेट्रनबाई बुवांसारख्या रागीट असणार आणि मनानं चांगल्या असणार. पहाटे उठवत असतील तर काही बिघडत नाही, काकडआरतीला उठतोच की. लोखंडी खाटेची तेवढी धास्ती होती. आजवर ती जमिनीवर झोपली होती आणि जमिनीवरून कुणी पडत नाही.

तयारी चालू होती. पौडच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला चादरीचे कोपरे दुमडायला शिकवले होते. ते ती रोज वडिलांच्या वाकळेवर गिरवायची. कोपरे इतके घट्ट बसत की कोंडिबांना आत शिरता येत नसे. लेकीची घडी मोडायला नको म्हणून ते वाकळेच्या वरच झोपत आणि सकाळी खोकत. नाडी तिनं घरातल्या सगळ्यांची पाहिली होती. मग गोठ्यात जाऊन बैलाची पाहिली. ती सापडली नाही. बैल जिवंत होता, तेव्हा चूक आपलीच असणार, असं तिनं समजून घेतलं.

आणि शिकून झाल्यावर परत पौडलाच यायचं, हेही ठरलेलं होतं. त्याला कारण वरच्या वस्तीतली सखू. मागच्या पावसाळ्यात ती बाळंतपणात अडली, तेव्हा तिच्या माणसांनी तिला झोळीत घालून डोंगर उतरवला. तुळजा पौडपर्यंत सोबत गेली होती, झोळीवर इरलं धरून. झोळी दवाखान्यात पोचली. सखू पोचली नाही. त्यानंतर तुळजा अभ्यासाला बसली ती उठलीच नाही.

हैबतरावांनी अखेर होकार दिला तो एका अटीवर.

“ह्या घरातनं पोरगी भाईर गेली ती सासरीच गेली,” ते म्हणाले होते. “दुसऱ्या तऱ्हेनं कशी धाडायची ते आमास्नी म्हाईत न्हाई. तवा जायाचं तर रीतीनं जायाचं.”

म्हणजे ओटी भरायची, पुरण घालायचं, शिदोरी बांधायची. नवरा तेवढा वजा. आणि ओटी भरायच्या आदल्याच दिवशी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, रंभाबाई कासारणीला घेऊन दारात उभ्या राहिल्या. मांजराकडं न बघता थेट तुळजाला म्हणाल्या, “बस हितं. हात दे.”

कासारीण मोठी हिशेबी. नवरीला भरतात तशा तिनं तुळजाच्या दोन्ही हातांत हिरव्यागार बांगड्या भरल्या, मनगटापासून वर, आणि अगदी लहान मापाच्या. बांगड्या लवकर फुटू नयेत म्हणून रंभाबाईंचीच तशी ताकीद होती. “घट भर. लवकर वाढाय न्हाई पायजेत.” भरून झाल्यावर त्यांनी तुळजाच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “माणला गेली असतीस तरी ह्येच केलं असतं मी.”

पौडच्या सिस्टरनं सांगितलेलं तुळजाच्या अगदी ओठांवर आलं होतं: तिथं हातात बांगडी चालत नाही, एकसुद्धा नाही, बांगडी जखमेला लागते, तिच्यात घाण अडकते. पण गालावरचा तो हात अजून ऊन होता. तुळजानं तोंड मिटलं. रात्रभर कुशीवर वळली की बांगड्या वाजायच्या आणि शेजारून सगुणाबाई समाधानानं म्हणायच्या, “वाजत्यात बघ कशा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरणाची जेवणं झाली. सगुणाबाईंनी चुलीतली राख उपसून, चूल पुसून, पोतेरं फिरवून ती लख्ख केली. पुरणावरणाचा स्वयंपाक झाला की चुलीला विसावा द्यायचा, हा त्यांचा नेम. हैबतराव खांबापाशी पान लावत बसले. कोंडिबा पालथ्या परातीवर बोटं वाजवत होते. देवळात मृदंग वाजवणारा माणूस, मोकळं काही दिसलं की वाजवायचे. धोंडाबाई, म्हणजे हैबतराव आणि कोंडिबा यांची विधवा बहीण, माजघराच्या दाराआड तांदूळ निवडत होती. ओटी भरायची वेळ आली की ती आपण होऊन दाराआड जाई. कुणी जा म्हणत नसे. कुणी ये असंही म्हणत नसे.

रंभाबाईंनी पाट मांडला. “ये गं तुळजे.”

तुळजा आली, पण पाटावर बसली नाही.

“थोरली आई,” ती म्हणाली, “तितं बांगड्या चालत न्हाईत.”

“कुटं?”

“कालेजात. एकबी न्हाई. हात मोकळं लागत्यात.”

कोंडिबांची बोटं परातीवर थांबली. सगुणाबाईंनी हातातला नारळ खाली ठेवला, तो घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेला. तो आणायला कुणी उठलं नाही.

“मोकळं हात,” रंभाबाई सावकाश म्हणाल्या. “कुवार पोरीचं. म्या काल भरल्या, आन् उद्या उतरायच्या?”

“आजच उतराय पायजेत. सकाळी फाट्यावर यष्टी धरायचीय.”

“मग काल तोंडात काय धरलंवतंस?”

“तुमी गालावरनं हात फिरवला न्हवं,” तुळजा म्हणाली. ते खरंच होतं, म्हणून रंभाबाईंना आणखीच राग आला.

“आईका! आता माझाच हात नडला! एवढ्या घट भरलेल्या काय निघायच्या? फोडाव्याच लागतील. अन् हिरवा चुडा फोडायचा कवा असतो, ते ह्या घराला सांगाय पायजे का?”

दाराआड तांदळाचं सूप क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू झालं.

सगुणाबाई रडवेल्या झाल्या. कालपर्यंत लेकीच्या बाजूच्या होत्या; त्यांची बाजू आता पायाखालून सरकली. “तुळजे, ऱ्हाऊ दे बाई. पुढल्या वर्सी बघू. तवर नियम बदलंल त्यांचा.”

“आई, नियम न्हाई बदलत.”

“का? सरकार बदलतंया, आणं जाऊन नवं पैसं आलं, मग ह्येच का न्हाई बदलायचं?”

कोंडिबा थोरल्या भावाकडं बघत म्हणाले, “दादा, तुमी सांगाल तसं.” हे ते आयुष्यभर म्हणत आले होते. पण आज पुढं आणखी एक वाक्य आलं, आणि आपल्या तोंडून आलेलं पाहून त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. “पर पोरीनं वाकळ दुमडून दुमडून माजी पाठ धरलीया. ते वाया जाऊ नये.”

हैबतरावांनी पान तोंडात टाकलं. ते सावकाश चावायचे आणि घर थांबायचं. घरातलेच काय, गावातले तंटेसुद्धा त्यांच्या तोंडातलं पान संपेपर्यंत थांबत. खोटं बोलत नाही हा माणूस, हे माहीत असल्यामुळं निकाल कडू लागला तरी लोक तो गिळत.

“आसं करा,” ते शेवटी म्हणाले. “बांगड्या उतरून बघा. एकबी न फुटता निघाल्या तर देवाच्या मनात हाय, पोरगी उद्या जाईल. एक जरी फुटली, तर न्हाई म्हणतोय असं समजायचं. मग माणला होकाराचा निरोप धाडायचा. कसंबी झालं तरी मी शब्दाला बांधलेला.”

तुळजानं हातातल्या बांगड्यांकडं एकदा पाहिलं. पण अट सरळ होती, आणि सरळ गोष्टीशी भांडायची त्या घरात रीत नव्हती.

“आता उतरायच्या कुणी?” सगुणाबाई म्हणाल्या.

इथं खरी पंचाईत झाली. तुळजानं स्वतःच्या हातानं उतरवायच्या नाहीत, ते अशुभ. सवाष्णीनं उतरवायच्या, तर घरात सवाष्णी दोन. सगुणाबाईंच्या हातून मघाशी नारळसुद्धा नीट ठेवला गेला नव्हता. रंभाबाई पुढं झाल्या, पहिल्या बांगडीला बोट लावलं आणि मागं सरल्या.

“न्हाई बाई. माझ्या हातनं फुटली तर म्हनाल, माणसाठी मुद्दाम फोडली.”

“कोन म्हनंल?” हैबतराव म्हणाले.

“मीच म्हनीन,” रंभाबाई म्हणाल्या.

तेव्हा दाराआडचं सूप बंद पडलं आणि धोंडाबाई बाहेर आली. तिच्या हातात साबणाची वडी होती आणि एक पातळ, जुनेराचा फडका.

“मी उतरते,” ती म्हणाली.

“वन्सं, तुमी?” रंभाबाईंचा आवाज खाली आला. “तुमचा हात... कुवार पोरीच्या चुड्याला...”

“व्हय, माझाच हात. वैनी, तुमच्या हातनं फुटली तर तुमच्या माथी, सगुणाच्या हातनं फुटली तर तिच्या माथी. माझ्या माथी आनि काय यायचं ऱ्हायलंय?”

एवढं सरळ बोलल्यावर हरकत कुणी घ्यायची? पाटावर तुळजा बसली, समोर धोंडाबाई. पदर खोचताना तिच्या उजव्या मनगटावरचा पांढरा वण दिसला. तो वण सगळ्यांच्या ओळखीचा होता. नवरा गेला तेव्हा बायकांनी तिचा हात दगडावर धरून बांगड्या फोडल्या होत्या. हात कुणी धरला होता, ते या घरात बोललं जात नसे. काच आत शिरली, मनगट सुजलं, पिकलं, आणि कोपऱ्यात बसलेल्या बाईच्या जखमेला हात लावायला सुतक फिटेपर्यंत कुणी आलं नाही. रंभाबाई उंबऱ्यावरचा नारळ आणायला गेल्या. नारळ जवळ होता. त्यांना यायला वेळ लागला.

“आखडू नगंस,” धोंडाबाई तुळजाला म्हणाली. “मूठ वळू नगंस. आंगठा असा तळहातात घाल. हाड आपलंच असतंय, पर ऐकत न्हाई. त्याला सांगाय लागतं.”

तिनं साबणाचा फेस केला, फडका बांगडीखालून सारला आणि तुळजाचा हात दोन्ही तळव्यांत घेऊन हळूहळू दाबत राहिली, कणीक तिंबावी तसा. हात मऊ पडला. पहिली बांगडी हाडापाशी अडली, थांबली आणि फडक्यावरून घसरून बाहेर आली. धोंडाबाईनं ती पाण्यात बुडवून सगुणाबाईंच्या पदरात टाकली.

“विठ्ठल,” कोंडिबा म्हणाले आणि परातीवर एक बोट वाजलं.

दुसरी आली. “विठ्ठल.” परातीवर दोन बोटं. तिसऱ्या चौथ्या बांगडीला सगुणाबाईही पुटपुटायला लागल्या. उजवा हात मोकळा होईपर्यंत कोंडिबांनी ठेका धरला होता. हैबतरावांचा पाय त्यांच्या नकळत हलत होता. देवळात ते टाळ घेऊन उभे राहत, पायाची ती सवय तिथलीच. बांगड्या उतरवण्याचा असा सप्ताह घोटावड्यात आधी झाला नव्हता आणि पुढंही कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

“दुखतंय?” धोंडाबाईनं विचारलं.

“व्हय.”

“दुखू दे. उद्या कुनाचा हात तुझ्या हातात आला की ध्यानात ऱ्हाईल.”

डावा हात जास्त आखडलेला होता. तरी एकेक करून बांगड्या उतरत गेल्या, आणि शेवटी एकच उरली, सगळ्यांत वरची. धोंडाबाईनं तिच्याखाली फडका सारला आणि ती थांबली. बोटाचं पेर बांगडीवरून फिरवलं. पुन्हा फिरवलं.

तुळजालाही दिसलं. बांगडीला केसाएवढी चीर होती. भरतानाच गेली असणार. कासारणीला कळली नसेल किंवा कळली असेल.

कोंडिबांची परात थांबली.

“काय झालं?” हैबतराव म्हणाले.

“काय न्हाई,” धोंडाबाई म्हणाली. पण तिचे हात पुढं जाईनात. बांगडी दाबली तर जाणार, न दाबली तर निघणार नाही.

हैबतराव बघत होते. चीर त्यांना एवढ्या लांबून दिसली नसेल, पण बहिणीचा चेहरा दिसत होता. “एखादी ऱ्हायली तर चालती का गं तितं?” त्यांनी विचारलं.

“न्हाई चालत, तात्या,” तुळजा म्हणाली. तिला वाटलं होतं आपण रडू. आवाज साधाच आला.

तेव्हा रंभाबाई उठल्या. नारळ त्यांनी कोंडिबांच्या मांडीवर ठेवला, कारण तिथंच जागा होती. पाटाशी येऊन बसल्या आणि आपला अंगठा आणि बोट त्या चिरेवर घट्ट धरलं, फुटक्या मडक्याला धरतात तसं.

“वन्सं, तुमी वढा. मी धरलीया.”

धोंडाबाईनं वर पाहिलं. दोघींची डोकी जवळ आली होती. या घरात रंभाबाईंनी बांगडीसाठी मनगट याआधी एकदाच धरलं होतं, आणि ते तुळजाचं नव्हतं.

“घट धरा,” धोंडाबाई म्हणाली.

“धरलीया म्हनलं न्हवं.”

फडका ओढला गेला. बांगडी हाडावर चढली. तुळजानं अंगठा तळहातात आणखी आत घेतला. बांगडी हाडावरून उतरली, बोटांवरून घसरली, आणि निघता निघता घरभर ऐकू जाईल असा एक आवाज झाला.

टिच्च.

रंभाबाईंनी मूठ मिटली. मुठीतून काही दिसत नव्हतं. सगुणाबाईंनी डोळे मिटले होते. कोंडिबा नारळाकडं बघत होते. तुळजाला शाळेत खरं बोलल्याबद्दल बक्षीस मिळालेलं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि धोंडाबाईचं बोट तिच्या मोकळ्या मनगटावर, बरोबर नाडीवर, घट्ट बसलं.

सगळं घर हैबतरावांकडं बघायला लागलं. ते खांब सोडून सरळ बसले. त्यांनी पान चावलं. पान केव्हाच संपलं होतं. ते तसेच चावत राहिले. मेव्हण्याविरुद्ध साक्ष देताना ते कोर्टात उभे राहिले होते, तसाच त्यांचा चेहरा झाला.

“चुलीत लाकूड तडकलं,” ते म्हणाले.

कुणी चुलीकडं पाहिलं नाही. पोतेरं फिरवलेली, राख उपसलेली ती लख्ख चूल आपल्या जागी गार पडून होती.

“वलं असंल,” कोंडिबा म्हणाले.

“वलंच हाय,” सगुणाबाई म्हणाल्या. “लई तडकतंय मेलं.”

“मग ओटी भरा की,” हैबतराव म्हणाले, “का सकाळची यष्टी घरात बसूनच धरायचीय?” आणि उठून ते गोठ्याकडं गेले. बराच वेळ त्यांचा बैलाशी बोलण्याचा आवाज येत होता. काय बोलत होते ते बैलालाच माहीत.

रंभाबाईंनी ओटीचं ताट उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. “वन्सं, तुमीच भरा. माझी मूठ गुतलीया.” मूठ तशीच मिटलेली होती आणि बोटांच्या फटीतून थोडं रक्त आलं होतं. धोंडाबाई ताटाकडं बघत राहिली. मग तिनं तांदूळ आणि नारळ तुळजाच्या ओटीत घातले. एवढी वर्षं नुसते निवडलेच होते तिनं तांदूळ.

ते झाल्यावर तुळजा उठली, साबणाचं पाणी घेतलं आणि रंभाबाईंची मूठ एकेक बोट करून सोडवली. जखम धुतली, फडक्याची पट्टी बांधली आणि पट्टीचं टोक पौडच्या सिस्टरनं दाखवलं होतं तसं दुमडलं. रंभाबाईंनी पट्टी उलटसुलट करून पाहिली.

“घट बांधलीस,” त्या म्हणाल्या.

“लवकर सुटाय न्हाई पायजे,” तुळजा म्हणाली.

हिरव्या बांगड्या धोंडाबाईनं एका कापडात बांधून ठेवल्या. दर सुट्टीला तुळजा आली की भरायच्या आणि जाताना उतरवायच्या. ते काम पुढं कायम तिच्याकडंच राहिलं. सकाळी फाट्यावर यष्टी आली, तेव्हा तुळजानं खिडकीतून हात हलवला. हात वाजला नाही. सगुणाबाईंना तेवढंच कसंसं झालं.

माझं सांगणं इथं संपलं, आता एक मागणं. हैबतराव गेल्यावर त्यांच्या खरेपणाच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ आहेत; त्यांची काळजी नको. पण कधी कुठल्या दवाखान्यात पडाल आणि मोकळ्या हाताची कुणी पोर तुमच्या मनगटावर बोट ठेवून गप्प उभी राहील, तेव्हा तिच्या हातावरून बांगड्या कुणी उतरवल्या असतील ते मनात आणा. आणि दाराआड तांदूळ निवडणाऱ्या आमच्या धोंडाबाईला एकदा आठवा.